डबीची दातखीळ

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. आधीच सांगून टाकतो, इकडे सगळे सुखरूप आहेत. हल्ली कुणाचं पत्र आलं की माणूस ते फोडण्याआधी बसायला खुर्ची शोधतो, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (की डावा? तुमची बहीण उजवा म्हणते, अप्पा डावा म्हणतात, आणि बापलेकींपैकी माघार घेणारं कुणी नाही. जो असेल त्याला उतार पडो.) फरशीच्या धुळीने वहिनींना शिंका येत होत्या, त्या थांबल्या असतील अशी आशा आहे. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण आमच्या दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे भाषण करणं. मी स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून कुजबुजलो तरी बाहेरच्या खोलीतून अप्पा उत्तर देतात. म्हणून हे पत्र दुकानात बसून, गिऱ्हाईक नसताना लिहितो आहे. मधेच अक्षर बदललं तर कुणीतरी चष्मा घ्यायला आलं होतं असं समजावं.

मागच्या खेपेला तुम्ही आला होतात तेव्हा आमच्या गॅलरीत कपडे वाळत होते. आता तिथे करवत, रंधा, दोन पटाश्या आणि मी असे नांदतो, आणि कपडे जिन्यात वाळतात. हे झालं ते न्हाणीघरातल्या फळीमुळे. फळी निखळली होती आणि सुतार ‘उद्या येतो’ म्हणाला होता. (सुताराचा उद्या कुठल्याच कॅलेंडरात छापत नाहीत.) शेवटी मी स्वतःच करवत आणली आणि फळी बसवली. फळी उत्तम बसली. साबण डावीकडे घरंगळतो एवढंच, म्हणून आम्ही तो उजवीकडे ठेवतो. अंघोळ संपेपर्यंत तो डावीकडे पोचतो आणि तोवर आपलंही काम झालेलं असतं. आता तुम्ही म्हणाल, दिवसभर लोकांच्या चष्म्यांत काचा बसवणारा माणूस, काच केसभर मोठी झाली तर फ्रेममध्ये जात नाही हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याची फळी तिरकी कशी? दादा, मीही तेच विचारतो. लाकूड हातात आलं की माझं सगळं ज्ञान दुकानातच राहतं, विसरलेल्या छत्रीसारखं.

पण चटक लागली ती लागलीच. त्यात आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने मला गमच्या बाटलीसह रस्त्यात गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, “तुम्हीपण का?” त्याच्या दुकानामागे एक पत्र्याची शेड आहे. दर रविवारी सकाळी तिथे आमच्यासारखे हौशी लोक जमतात आणि आठवडाभरात केलेली वस्तू टेबलावर ठेवतात. आम्ही स्वतःला काही म्हणत नाही, पण घरोघरच्या बायका-नवऱ्यांनी आमचं नाव भुसा मंडळ ठेवलं आहे. सायकलवाला लाकडाची खेळणी करतो. एक डेंटिस्टबाई आहेत, त्या चमचे कोरतात, आणि चमच्याच्या खोलगट भागाकडे अशा बघतात की चमच्यालाही तोंड उघडावंसं वाटावं. एक बेकरीवाले आहेत, ते पाव कापायच्या फळ्या करतात. सगळ्या फळ्या लंबगोल, कारण चौकोनी करायला घेतली की शेवटी ती लंबगोलच होते. खरा सुतार आमच्यात कुणी नाही. एकदा एक आला होता, सायकलची हवा भरायला. टेबलाकडे बघून तो हवा न भरताच गेला. मंडळाचा नियम एकच आहे आणि तो मला फार आवडतो: वस्तू ठेवणाऱ्याने तिच्यातली एक खोड आपणहून आधी सांगायची. एकदा स्वतः सांगून टाकली की दुसऱ्यांना फक्त कौतुक करायचं उरतं. (हा नियम मी घरी लागू करून पाहिला. तुमच्या बहिणीने स्वतःची खोड सांगितली, की माझं फार ऐकते.)

असं सगळं सुरळीत चालू असताना तुमच्याकडे फरशी उखडली आणि अप्पा आमच्याकडे आले.

अप्पांचं आणि माझं नातं तुम्हाला ठाऊकच आहे. अत्यंत आदराचं, म्हणजे आम्ही दोघं एका खोलीत असलो की एकजण पेपर वाचतो. सगळी नोकरी त्यांनी वजनमाप निरीक्षक म्हणून केली. बाजारातले तराजू त्यांना बघून आपोआप सरळ होत असं तुमची बहीण सांगते. अशा माणसासमोर जावयाने नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी आपण किती ग्रॅम कमी भरतो आहोत असं वाटत राहतं. त्यात आई गेल्यापासून त्यांनी बोलणं जवळजवळ सोडलंच होतं, हे तुम्हीही पाहिलं आहे. चहा हवा का विचारलं तर मान हलायची, नको असला तरी मान हलायची. दिशेवरून आपण ओळखायचं. सकाळी खुर्चीत बसायचे ते संध्याकाळी उठायचे. तुमची बहीण स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळाने डोकावायची, परत जायची, आणि मग भांडी जरा जास्तच घासायची. मला हे सगळं दिसत होतं, पण करायचं काय ते कळत नव्हतं. म्हणून मी गॅलरीत जाऊन स्टूल करू लागलो.

त्या स्टुलावरून सुरुवात झाली. एका दुपारी मागे चाहूल लागली म्हणून वळलो, तर अप्पा. हातात त्यांची जुनी पोलादी पट्टी. त्यांनी स्टूल उलटं केलं, सुलटं केलं, चारही बाजूंनी मोजलं, आणि आमच्या घरी आल्यापासूनचं पहिलं पूर्ण वाक्य बोलले. “जावईबापू, याला स्टूल म्हणता येणार नाही. हा स्टुलाचा प्रयत्न आहे.”

दादा, मला राग आला. पण सासऱ्यांवर रागावायचं तर ते नम्रतेनेच रागावावं लागतं. मी म्हटलं, “अप्पा, आपणच एखादी वस्तू करून दाखवलीत तर मला शिकता येईल.” (याचा साध्या भाषेतला अर्थ तुम्हाला लागला असेल. त्यांनाही लागला.) त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, खाली बसले, नेमके त्याच स्टुलावर, आणि म्हणाले, “लाकूड द्या.”

त्यांनी करायला घेतली कवळी ठेवायची डबी. त्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीची बिजागरी तुटली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा करायची वस्तू निदान गरजेची असावी असं त्यांचं मत. बाजूंना खाच पाडायची, खाचेतून झाकण सरकत जायचं, एवढंच काम. पण ते काम आमच्या घरात एखाद्या पुलाच्या बांधकामासारखं चाललं. अप्पा मोजायचे, खूण करायचे, पुन्हा मोजायचे, खूण पुसायचे. कापलेला तुकडा पट्टीला धरून उजेडाकडे न्यायचे. मधून उजेड दिसला की तुकडा बाद. माझं सगळं चांगलं लाकूड असं बाद होऊन कोपऱ्यात पडलं. भुसा मुरंब्याच्या बरणीपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळीकडे पोचला. तुमची बहीण एरवी माझ्या नावाने शंख करते, पण आता भुसा वडिलांचा असल्यामुळे तिने तो कौतुकाने झाडला. (मुलीचा जीव. माझा भुसा मात्र अजून कचराच आहे.) आणि दादा, डबी झाली. झाकण खाचेत घातलं की हवेचा बारीक आवाज करत असं सरकायचं, की मी ते पाच-सहा वेळा नुसतंच उघडून मिटलं. कुठे फट नाही, कुठे डगमग नाही. चष्म्याच्या धंद्यात मी शिकलो आहे की घट्ट बसणाऱ्या वस्तूलाही जरा जागा ठेवावी लागते. हे मी सांगणारही होतो. पण ज्याचा स्टुलाचा प्रयत्न झालेला आहे त्याचं कोण ऐकतो? शिवाय मला मनातून हेवा वाटत होता.

अप्पांनी डबीच्या आनंदात रात्री कवळी धुतली, पुसायची विसरले, आणि तशीच ओली डबीत ठेवून झाकण सरकवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी गॅलरीत गेलो तर अप्पा डबी दोन्ही हातांत धरून उभे, आणि चेहऱ्याचा खालचा भाग आत गेलेला. पाणी पिऊन लाकूड फुगलं होतं. डबीची दातखीळ बसली होती, आणि अप्पांचे दात आत. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ना. त्या सकाळी ओठ बाहेर होते आणि दात त्यांच्याशी सगळे संबंध तोडून आत जाऊन बसले होते. मी ओढून पाहिलं, तुमच्या बहिणीने साडीच्या पदराने धरून पाहिलं, शेजारच्या ड्रायव्हरने तर गुडघ्यात धरून पाहिलं, पण झाकण ढिम्म. मी करवत उचलली. अप्पांनी डबी छातीशी धरली आणि मान हलवली. या वेळी दिशा अगदी स्पष्ट होती.

मग ते काहीतरी बोलले. दात नसल्यामुळे ते मला तिसऱ्यांदा कळलं. “मंडळात नेऊ या.”

मला वाटलं होतं, अप्पा आज खोलीचं दार लावून बसतील. सगळी नोकरी ज्याने लोकांच्या मापातल्या चुका काढल्या, तो माणूस आपली चूक आपणहून चारचौघांत घेऊन जाईल, तीही बोळक्या तोंडाने, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. रस्ताभर मी विचार करत होतो की कुणी हसलं तर काय करायचं. डबीवर हसलं तर एक वेळ चालेल, पण माणसावर हसलं तर? इतक्या दिवसांनी हा माणूस खुर्चीतून उठला आहे, तो पुन्हा जाऊन बसला म्हणजे? मी सायकलवाल्याला आधी बाजूला घेऊन बजावणार होतो, पण अप्पा माझ्यापुढे दहा पावलं चालत होते.

शेडमध्ये त्यांनी डबी टेबलावर ठेवली. सगळ्यांनी वाकून पाहिली आणि मनापासून वा म्हटलं, कारण वस्तू होतीच तशी. मग सायकलवाल्याने नियमाप्रमाणे विचारलं, “खोड?” अप्पा उभे राहिले. शर्टाची वरची गुंडी लावली. आणि बोलले. कुणाला एक अक्षर कळलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दादा, लग्नाला इतकी वर्षं होऊन त्या दिवशी मी प्रथमच अप्पांच्या वतीने बोललो. मी म्हटलं, “अप्पा म्हणतात, हिची खोड एकच. ही फार अचूक झाली आहे. माझे दात आत आहेत.”

बेकरीवाल्यांच्या खांद्यांना आधी हिसका बसला. त्यांनी रुमाल तोंडात धरला, पण पिठाच्या गोण्या उचलणाऱ्या माणसाचे खांदे ते, लपतात कुठे? तेवढ्यात अप्पा पुन्हा काही बोलले, आणि हे मात्र सगळ्यांना स्वच्छ कळलं, कारण ही म्हण माणसाला नुसत्या सुरावरून कळते. “हशतील त्यांचे दात दिशतील.” आणि स्वतःच हसू लागले. एकही दात नसलेलं ते हसू, दादा, लहान मुलाचं असावं तसं. मग कोण कुणाला आवरतो. डेंटिस्टबाईंना डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. (मीच दिलेला. काड्या ढिल्या झाल्या होत्या, त्या मी तिथल्या तिथे आवळल्या.)

हसून झाल्यावर उपचार सुरू झाले. बेकरीवाले म्हणाले, भट्टीच्या वरच्या फळीवर ठेवू, ऊब लागली की लाकूड आक्रसेल. डेंटिस्टबाई म्हणाल्या, त्याआधी कवळी वितळून तिचा पाव होईल. दोघांत जुंपली, आणि तज्ज्ञ बाईच ठरल्या. त्यांनी अप्पांना खुर्चीत बसवलं, सवयीने. मग लक्षात आलं की पेशंट डबी आहे, तेव्हा अप्पांना उठवून डबीला बसवलं. पिशवीतून चमचे कोरायच्या वस्तू काढल्या, त्यांत एक पातळ पाती दवाखान्यातलीच होती. मला म्हणाल्या, “तुम्ही जबडा धरा, हलू देऊ नका.” मी डबी धरली. त्या पाती खाचेत घालून इकडून थोडं, तिकडून थोडं असं डोलवत राहिल्या, आणि मधूनमधून हलक्या आवाजात “झालं, झालं, आता एवढंच” असं कुणाला तरी सांगत होत्या. बहुतेक डबीला. अप्पा शेजारी उभे राहून स्वतःचा गाल धरून होते. अखेर खट्ट झालं आणि झाकण सरकलं. आत कवळी शाबूत. सायकलवाल्याने ती धुऊन आणली, अप्पांनी पाठ करून बसवली, आणि वळून पहिलं वाक्य बोलले ते डेंटिस्टबाईंचे आभार मानायला. त्यांनी आभार घेतले आणि सांगितलं, “आजोबा, कवळी पाण्यात ठेवायची असते. लाकडात नाही.” म्हणजे ती डबी मुळात करायचीच नव्हती. पण तोवर ती सगळ्यांच्या हातांतून फिरत होती आणि प्रत्येकजण झाकण सरकवून पाहत होता, त्यामुळे हा मुद्दा मागे पडला.

परत येताना अप्पा म्हणाले, “पोस्टकार्डाच्या जाडीएवढी जागा ठेवायला हवी होती. अगदी जुळवून चालत नाही, लाकूड आहे, फुगायचंच.” (ते झाकणाबद्दल बोलत होते. तुमच्या बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, नुसत्या झाकणाबद्दल नसेल. मी वाद घातला नाही, पण ते झाकणाबद्दलच बोलत होते.)

तेव्हापासूनची आमची हकिगत म्हणजे माझ्या हालांची हकिगत आहे. गॅलरी अप्पांकडे गेली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी मोरीजवळ बसून करवत चालवतो आणि तुमची बहीण माझ्यावरून ओलांडून जाते. सकाळी मला जाग येते ती रंध्याच्या आवाजाने. माझी चांगली पटाशी आता ‘आपली पटाशी’ झाली आहे, आणि बोथट असते ती ‘तुमची’. रविवारी शेडमध्ये लोक मला विचारतात, अप्पा नाही आले? मी आलेला असतो त्याचं काही नाही. बेकरीवाल्यांना त्यांनी काटकोन शिकवायला घेतला आहे; फळी अजून लंबगोलच होते, पण आता दोन्ही बाजूंनी सारखी लंबगोल होते. आणि बोलणं तर विचारू नका. जेवताना लाकडाचे रेशे, चहा पिताना लाकडाचे रेशे. काल आईंचा विषयही त्यांनी आपणहून काढला. त्यांच्या हातची कुठलीही वस्तू कशी पुसटशी वाकडी असे आणि तरी कशी टिके, ते बराच वेळ सांगत होते. तुमची बहीण भांडी घासायची थांबून ऐकत होती. मी मोरीजवळ होतो. मी करवत थांबवली.

तुमची फरशी झाली आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही अप्पांना न्यायला येता आहात, असा निरोप मिळाला. यावे. तुमची खोली, म्हणजे आमची बाहेरची खोली, भुसा झाडून ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा, दोन्हींना, म्हणजे वाद मिटेल.

आपला आज्ञाधारक,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. दादा, फरशी इतक्या लवकर सुकते का हो? मी या विषयातला नाही, पण घाई करू नये असं ऐकलं आहे. एखादी लादी हलत असेल, रंग वाटला होता तसा नसेल, तर सगळी पुन्हा उखडून घ्यावी. वयस्कर माणसाचा पाय घसरला तर केवढ्याला पडेल. मी पहिल्या दिवशी ‘किती दिवस राहणार’ असं तुम्हाला फोनवर विचारलं होतं, ते शब्द मागे घेतो. थोडक्यात, अप्पांना इथेच राहू द्या. तुमच्या बहिणीला मी हे बोललो नाही, कारण ती रडेल आणि मग मला डोळ्यांत भुसा गेल्याचं सांगावं लागेल.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच तुमची बहीण दुकानात डबा घेऊन आली आणि तिने एक बातमी दिली. परवा ती जिन्यात कपडे वाळत घालत असताना अप्पा गॅलरीतून तुमच्याशी फोनवर बोलत होते म्हणे. म्हणाले, “एवढ्यात येऊ नकोस. जावईबापूंचं काम अजून कच्चं आहे, त्यांना असं अर्ध्यावर सोडून कसा येऊ?” कच्चं, दादा. ठीक आहे. तर आता तुमच्याकडे एकाच माणसाबद्दल दोन अर्ज आलेले आहेत, दोन्ही मंजूर करावेत. फक्त मी विचारलं हे त्यांना कळू देऊ नका. त्यांनी विचारलं हे मला माहीत नाही, असं मी दाखवतो आहे.